‘तिला आता नको असेल’

फेब्रुवारी लागला की पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या आयटी कंपन्यांत अप्रेझलचे वारे वाहू लागतात. प्रत्येकाने वर्षभराच्या कामाचा लेखाजोखा एका फॉर्ममध्ये भरायचा असतो आणि त्या फॉर्मच्या शेवटी बहुतेक ठिकाणी एक रकाना असतो: येत्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला कुठे पोहोचायचे आहे? मी या क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ आहे आणि त्यातली बरीच वर्षे दुसऱ्यांचे फॉर्म वाचण्यात गेली आहेत. माझ्या पाहण्यात पुरुष सहकारी या रकान्यात बहुधा पद लिहितात: सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, डिलिव्हरी मॅनेजर, ऑनसाइटची, म्हणजे परदेशी क्लायंटकडे जाऊन काम करण्याची, संधी. स्त्रिया बहुधा काम लिहितात: क्लाउडचे प्रमाणपत्र मिळवायचे आहे, टीमला अधिक हातभार लावायचा आहे, जबाबदारी वाढली तर आवडेल. मग रेटिंग ठरवण्याच्या बैठकीत कोणीतरी हाच रकाना वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘‘तिची तशी काही अपेक्षा दिसत नाही.’’ त्याच्यापुढची पायरी म्हणजे फॉर्म न वाचताच उच्चारले जाणारे वाक्य: ‘‘तिला आता नको असेल.’’ नुकतेच लग्न झाले असेल तर आता नको, मूल लहान असेल तर आता नको, मुलाची दहावी असेल तर आता नको.

स्त्रियांची महत्त्वाकांक्षा आणि त्यांची कामगिरी या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत असे समजून आपल्याकडे चर्चा होते. कामगिरी चांगली आहे, पण पुढे जाण्याची इच्छा कमी पडते, हा त्या चर्चेचा ठरलेला निष्कर्ष. मला तो मान्य नाही. आपल्या कामाचे मोजमाप कसे होते हे पाहूनच माणूस आपली आकांक्षा बेतत असतो. जे काम आपण चोख करतो ते मोजले जात नाही आणि जे मोजले जाते ते आपल्या वाट्याला येत नाही, हे चार-पाच वर्षे अनुभवल्यावर कोणीही शहाणा माणूस अपेक्षा आवरती घेईल. त्यानंतर त्या आवरत्या घेतलेल्या अपेक्षेकडे बोट दाखवून ‘हिला इच्छाच नाही’ असे म्हणणे म्हणजे परिणामालाच कारण ठरवणे होय.

स्त्रिया मुळात या क्षेत्रात येण्याच्या बाबतीत भारताची गोष्ट अमेरिकेहून वेगळी आहे, हे आधी नोंदवायला हवे. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांच्या आसपास होते आणि पुढच्या काही दशकांत ते घसरून जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडे तसे झाले नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मध्यमवर्गीय मराठी घरांना मुलीने कॉम्प्युटर इंजिनिअर होणे सहज पटले: बसून करायचे काम, वातानुकूलित कार्यालय, कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर उभे राहायला नको. या विचारात मुलीच्या आवडीपेक्षा तिच्या सुरक्षिततेची आणि पुढे स्थळ मिळण्याची काळजी अधिक होती, पण परिणाम मात्र चांगला झाला. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरला केवळ मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले, राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या, आणि नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार आज देशाच्या आयटी मनुष्यबळात स्त्रिया सुमारे ३६ टक्के आहेत. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोने (आताच्या टाटा मोटर्सने) अभियंत्यांसाठी दिलेल्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असे स्पष्ट छापले होते आणि ते वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले होते, ही गोष्ट आठवली की मधल्या पन्नास वर्षांतला पल्ला लक्षात येतो. त्या टेल्कोच्या पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या. आता त्याच शहरात कॅम्पस मुलाखतींमधून निवडल्या जाणाऱ्या फ्रेशर्सच्या तुकडीत मुली मोठ्या संख्येने दिसतात आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

प्रवेशाचा प्रश्न असा बराचसा सुटला. अडचण आहे ती साधारण पाच ते बारा वर्षांच्या अनुभवाच्या पट्ट्यात. टीम लीडपर्यंत स्त्रिया दिसतात, मॅनेजरच्या पातळीवर विरळ होतात आणि ज्या बैठकीत पुढचे मॅनेजर ठरतात तिथे बहुधा एखादी असते. ही बैठक कशी चालते हे बाहेरच्या माणसाला क्वचितच ठाऊक असते, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

तिला कॅलिब्रेशन म्हणतात. प्रत्येक मॅनेजरने आपापल्या माणसांना तात्पुरते रेटिंग दिलेले असते. ते सगळे एका एक्सेलच्या पानावर येते आणि एका खोलीत, किंवा हल्ली एका टीम्स कॉलवर, आठ-दहा मॅनेजर ते पान एकमेकांशी ताडून पाहतात. बेल कर्व्हचे बंधन असते, म्हणजे सर्वोच्च रेटिंग ठराविक टक्क्यांनाच देता येते. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही पद्धत सोडली आणि त्यानंतर आपल्याकडच्याही अनेक कंपन्यांनी ती सोडल्याचे जाहीर केले, पण पगारवाढीचे अंदाजपत्रक ठराविकच असल्यामुळे नाव बदलून ती मागच्या दाराने परत येते. एका नावाला वर चढवायचे तर दुसरे खाली उतरवावे लागते. अशा वेळी कोण टिकते? ज्याचे काम खोलीतल्या इतर मॅनेजरांनी पाहिले आहे, ज्याच्याबद्दल कोणीतरी एखादा प्रसंग सांगू शकतो, तो टिकतो. ‘‘त्या शनिवारी प्रॉडक्शन कोसळले होते तेव्हा हा रात्रभर बसला होता’’ (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेली प्रणाली) हे वाक्य त्या खोलीत फार वजनदार ठरते. जिच्या मॉड्यूलमध्ये वर्षभर काही कोसळलेच नाही, कारण तिने रिलीजच्या, म्हणजे बदल ग्राहकाकडे सुरू करण्याच्या, आधी तीनदा तपासून घेतले होते, तिच्याबद्दल सांगायला प्रसंगच नसतो. तिच्या नावापुढे ‘स्थिर कामगिरी’ असे लिहिले जाते, आणि एक्सेलच्या त्या पानावर स्थिर म्हणजे मधला गट.

शब्दांचा प्रश्नही इथे येतो. किरन स्नायडर यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तंत्रज्ञान क्षेत्रातून २८ कंपन्यांमधले २४८ अप्रेझल अहवाल गोळा करून वाचले. टीका असलेल्या अहवालांपैकी ८३ पुरुषांचे होते आणि त्यातल्या केवळ दोनांत स्वभावाबद्दल नकारात्मक शेरा होता. स्त्रियांच्या अशा ९४ अहवालांपैकी ७१ मध्ये तो होता. आवाज जरा खाली ठेवावा, इतरांना बोलू द्यावे, फार टोकदार वाटतेस, अशा स्वरूपाचे ते शेरे. मी ही आकडेवारी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यातल्या तफावतीपेक्षा तिची ओळख पटण्याचा वेग मला अधिक जाणवला. आपल्याकडे फक्त शब्द बदलतात. ‘डॉमिनेटिंग आहे’, ‘इमोशनल होते’, ‘क्लायंटसमोर जरा जास्तच स्पष्ट बोलते’. हेच एखाद्या पुरुषाने केले तर त्याला ‘ओनरशिप घेतो’ म्हणतात. ज्या स्त्रियांवर अशी टीका होत नाही त्यांच्या वाट्याला गोड आणि पोकळ कौतुक येते: छान वर्ष गेले, सगळ्यांना तुझ्याबरोबर काम करायला आवडते, असेच चालू ठेव. स्टॅनफर्डच्या शेली कोरेल आणि कॅरोलिन सिमार्ड यांनी २०१६ मध्ये नेमके हेच दाखवून दिले की स्त्रियांना मिळणारा अभिप्राय अधिक मोघम असतो, त्यांच्या कामाचा व्यवसायावर काय परिणाम झाला याच्याशी तो कमी जोडलेला असतो. ‘असेच चालू ठेव’ या सूचनेवरून पुढच्या वर्षी काय वेगळे करायचे हे कोणाला कळणार?

यापुढचा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी तो तंत्रज्ञान क्षेत्रातला नाही. अ‍ॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन अर्थतज्ज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी अभ्यासल्या. त्या कंपनीत प्रत्येकाला दोन गुण मिळत: एक प्रत्यक्ष कामगिरीचा आणि एक पुढच्या क्षमतेचा, म्हणजे हा माणूस पुढे किती वाढेल याच्या अंदाजाचा. कामगिरीत स्त्रियांना सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त गुण होते. क्षमतेच्या अंदाजात मात्र ८.३ टक्के कमी, आणि बढती मिळण्याची शक्यता १४ टक्के कमी. बढतीतली ही तफावत निम्म्यापर्यंत त्या क्षमतेच्या गुणामुळेच होती. पुढच्या काळात त्याच स्त्रियांनी वरिष्ठांच्या अंदाजापेक्षा सरस काम करून दाखवले, तरी पुढच्या वर्षीचा क्षमतेचा अंदाज पुन्हा कमीच आला.

कामगिरी ही झालेली गोष्ट असते, तिला पुरावा असतो. क्षमता हा भविष्याबद्दलचा अंदाज असतो आणि अंदाज करणारा माणूस तो भरून काढताना स्वतःच्या डोक्यातले चित्र वापरतो. आयटीमध्येही ‘हाय पोटेन्शियल’ अशा नावाची एक यादी असते आणि ती करताना ‘तिला आता नको असेल’ हे वाक्य बिनदिक्कत पुरावा म्हणून वापरले जाते. गंमत अशी की हे म्हणणाऱ्यांत वाईट हेतूचा माणूस सहसा नसतो. बहुतेकांना आपण तिच्या सोयीचाच विचार करतो आहोत असे मनापासून वाटते. तिला विचारायचे मात्र राहून जाते.

आता कामाच्या वाटणीकडे येऊ. प्रत्येक टीममध्ये अशी कामे असतात जी कोणीतरी करावीच लागतात आणि जी केल्याने कोणाचीही बढती होत नाही. मीटिंगचे टिपण लिहिणे, नव्या फ्रेशर्सना घडवणे, ऑडिटची कागदपत्रे जुळवणे, दिवाळीच्या आठवड्यात फ्लोअरवर रांगोळी आणि पारंपरिक वेशभूषेचा दिवस पार पाडणे, सोडून जाणाऱ्याच्या निरोपासाठी वर्गणी काढणे. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये यावर प्रयोग केले. स्त्री-पुरुष मिश्र गटात असे काम कोणीतरी पत्करायची वेळ आली तेव्हा स्त्रियांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के अधिक वेळा ते पत्करले. काम सोपवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे दिला, तर त्यानेही स्त्रियांनाच ४४ टक्के अधिक वेळा विचारले. पण फक्त पुरुषांचा गट केला की पुरुषही निमूटपणे पुढे येत होते. म्हणजे या कामाची स्त्रियांना उपजत आवड आहे असे नव्हे; त्या पुढे येतील अशी सर्वांची, त्यांची स्वतःचीही, धारणा असते. आमच्याकडे टिपणे लिहिण्याची पाळी लावली तेव्हा पहिली तक्रार अशी आली की काही वरिष्ठांना ते नीट जमत नाही. जमत नाही हे खरेच होते. सरावाने जमते, इतकेच उत्तर मी दिले.

टेस्टिंग, सपोर्ट आणि प्रोजेक्टच्या नियोजनाची कारकुनी यांतही अशीच एक मूक वाटणी असते. ‘मुली बारकाईने पाहतात’ म्हणून त्यांना टेस्टिंगला घ्यायचे आणि मग पाच वर्षांनी आर्किटेक्टच्या जागेसाठी ‘डिझाइनचा अनुभव नाही’ म्हणून नाकारायचे. टेस्टिंग कमी प्रतीचे आहे असे मला म्हणायचे नाही, उलट उत्तम टेस्टर मिळणे किती अवघड आहे हे मी जाणते. पण पगाराच्या श्रेणी कोण ठरवतो आणि त्या कशाला किती मान देतात हे सर्वांना ठाऊक आहे.

प्रत्यक्ष कोडच्या दर्जाबद्दल कोणाला शंका असेल तर गिटहब या कोड ठेवण्या-वाटण्याच्या संकेतस्थळावरचा एक अभ्यास पाहावा. तिथल्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पांत कोणीही बदल सुचवू शकते आणि प्रकल्पाचे चालक तो स्वीकारतात किंवा नाकारतात. लाखो सूचनांच्या त्या अभ्यासात स्त्रियांनी सुचवलेले ७८.६ टक्के बदल स्वीकारले गेले, पुरुषांचे ७४.६ टक्के. मात्र प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रियांचा विचार केला, तर ज्यांच्या प्रोफाइलवरून स्त्री असल्याचे कळत नव्हते त्यांचे ७१.८ टक्के बदल स्वीकारले गेले आणि ज्यांचे कळत होते त्यांचे ६२.५ टक्के. ओळख उघड झाल्यावर पुरुषांचेही प्रमाण घटले होते, पण इतके नाही. यावर अधिक भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

मूल झाल्यानंतरचा काळ हा या सगळ्याचा कळीचा भाग आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ही दुरुस्ती मोलाची होती. पण या रजेचा खर्च आयटीसारख्या क्षेत्रात पूर्णपणे मालकावर पडतो, त्यामुळे छोट्या कंपन्या मुलाखतीतच हात आखडता घेतात. आणि रेटिंगचे काय करायचे हे कायद्यात कुठेच नाही. ऑक्टोबर ते एप्रिल रजेवर असलेल्या मुलीचे अप्रेझल मार्चमध्ये होते. तिने सहा महिने उत्तम काम केलेले असते, पण खोलीत ती नसते, तिचा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला असतो आणि बेल कर्व्हमध्ये कोणाला तरी मधल्या गटात बसवायचेच असते. ‘‘ती तर रजेवरच आहे’’ म्हणून तिला मधले रेटिंग मिळते आणि त्यावर फारशी चर्चा होत नाही. पुढच्या वर्षी बढतीसाठी सलग दोन वर्षांचे वरचे रेटिंग लागते. म्हणजे एका रजेची किंमत दोन किंवा तीन वर्षे अशी चुकती होते, आणि तीही कोणत्याही कागदावर ‘प्रसूती’ हा शब्द न येता.

परत आल्यावर दिवसाचा हिशेब बदलतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. आयटीतल्या घरांत कामवाल्या मावशी असतात, स्वयंपाकाला बाई असते, त्यामुळे आकडा कमी भरेल. पण मावशी आल्या नाहीत तर काय करायचे याची चिंता कोणाच्या फोनवर येते, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. अमेरिकी क्लायंटबरोबरचे कॉल संध्याकाळी साडेसात-आठला सुरू होतात आणि दहा-साडेदहापर्यंत चालतात. मुलाला जेवू घालून झोपवण्याची वेळ नेमकी तीच. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी पगारातल्या तफावतीचे जे कारण मांडले, ते या कॉलच्या वेळापत्रकावर तंतोतंत बसते. काही नोकऱ्या केवळ कामाच्या तासांचे पैसे देत नाहीत. कधीही, कितीही वेळ हजर राहण्याच्या तयारीला त्या बेसुमार जास्त मोबदला देतात. अशा नोकरीत दोघांनीही मागे घेणे घराला परवडत नाही, म्हणून एक जण पूर्ण धावतो आणि दुसरा घराला उपलब्ध राहतो. तो दुसरा कोण, हे आपल्या घरांत बहुधा चर्चेविनाच ठरते.

ऑनसाइटचेही तेच. आयटी सेवा कंपन्यांत ऑनसाइट हा केवळ डॉलरचा प्रश्न कधीच नव्हता. क्लायंटच्या शेजारी दोन वर्षे बसलेल्या माणसाला व्यवसाय कळतो, तो ओळखीचा होतो आणि परत आल्यावर थेट मॅनेजर होतो. ही संधी सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी येते, म्हणजे मुलीच्या लग्नाची बोलणी घरात सुरू असतात तेव्हा. अनेक जणी गेल्या, पण नवऱ्याच्या व्हिसावर. त्या एच-४ व्हिसावर नोकरी करायला परवानगीच नव्हती. मे २०१५ मध्ये नियम बदलला तेव्हाही फक्त ज्यांच्या जोडीदाराचे ग्रीन कार्डचे प्रकरण पुढे सरकले होते अशांनाच ती मिळू लागली. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहून गेलेल्या कित्येक मराठी मुली, ज्यांची अभियांत्रिकीची टक्केवारी नवऱ्यापेक्षा चांगली होती, तिथे वर्षानुवर्षे मराठी शाळेत शिकवत किंवा मंडळाच्या गणेशोत्सवाचे नियोजन करत राहिल्या. ती कामे वाया गेली असे मी म्हणणार नाही. परंतु त्या पुण्याला परतल्या तेव्हा मुलाखतीत पहिला प्रश्न ‘या सहा वर्षांत काय केले?’ हाच होता.

स्त्रियांबद्दलच्या गृहीतकांत एक विसंगती मला नेहमी खटकते. बढतीच्या वेळी तिला बेभरवशाची मानले जाते: सोडून जाईल, रजा घेईल, नवऱ्याची बदली होईल. पगारवाढीच्या वेळी तीच स्त्री हमखास टिकणारी मानली जाते: मुलांची शाळा इथे, सासर कोथरूडला, नवऱ्याची नोकरी याच शहरात, ती कुठे जाणार? हातात दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर घेऊन आलेल्या पुरुषाला थांबवण्यासाठी मार्चच्या बैठकीत बढतीची जागा राखली जाते, आणि जिने कधी ऑफर लेटर दाखवले नाही तिला ‘पुढच्या सायकलला बघू’ असे सांगितले जाते. एकाच माणसाविषयी दोन परस्परविरुद्ध अंदाज, आणि दोन्ही तिच्या विरोधात.

त्या जात नाहीत हे गृहीतक तरी खरे आहे का? टीसीएसमध्ये तिसऱ्या हिश्शाहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत. कंपनीच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात मनुष्यबळ प्रमुखांनी नमूद केले होते की स्त्रियांच्या नोकरी सोडण्याचे प्रमाण एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे, त्या वर्षी मात्र ते पुरुषांपेक्षा वाढले; घरून काम करण्याच्या काळात घरांची व्यवस्था बदलली आणि ती पूर्ववत झाली नाही, हे त्यामागचे कारण असावे असा त्यांचा कयास होता. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज दोन-तीन तास घालवण्याची सक्ती पुन्हा आली तेव्हा माझ्याही ओळखीतल्या काही जणींनी राजीनामे दिले. त्यातल्या कोणीही ‘माझी महत्त्वाकांक्षा संपली’ असे म्हटले नाही. ‘‘एवढे करून मिळते काय?’’ असा हिशेबी प्रश्न मात्र दोघींनी विचारला.

अप्रेझलच्याच महिन्यात आठ मार्च येतो, हा योगायोग मजेशीर आहे. सकाळी प्रत्येकीच्या टेबलावर गुलाबाचे फूल आणि कपकेक, दुपारी एखाद्या यशस्वी स्त्रीची चित्रफीत, आणि संध्याकाळी कॅलिब्रेशनचा कॉल. त्या चित्रफितींत नेहा नारखेडे यांचे नाव हमखास असते. पुण्यात शिकलेल्या या अभियंत्याने लिंक्डइनमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर काफ्का ही प्रणाली घडवली, २०१४ मध्ये त्या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. हे यश निर्विवाद मोठे आहे. मात्र त्यांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते तेव्हा त्यातला एक साधा तपशील सुटतो: कंपनीच्या मुळाशी असलेल्या, अवघड आणि सर्वांच्या नजरेत असलेल्या प्रणालीचे काम त्यांच्याकडे होते. जिद्द असलेल्या अनेक जणी आजही आपल्या फ्लोअरवर आहेत. त्यांच्याकडे कोणते काम आहे, हा प्रश्न कपकेक वाटताना कोणी विचारत नाही.

गूगलमधला एक जुना अनुभव या संदर्भात सांगण्यासारखा आहे. तिथे अभियंत्यांनी बढतीसाठी स्वतःचे नाव स्वतः सुचवायचे असे, आणि स्त्रिया ते कमी प्रमाणात करत. वरिष्ठ अधिकारी अ‍ॅलन युस्टेस यांनी ही तफावत मांडणारे एक ई-पत्र सर्वांना पाठवले, तयार असलेल्यांनी अर्ज करावा असे सुचवले, आणि स्त्रियांचे अर्ज लगेच वाढले. ना प्रशिक्षण, ना आत्मविश्वास वाढवण्याची शिबिरे. एका पत्राने जी इच्छा वर येते ती मुळात नव्हती असे कसे म्हणता येईल? आत्मविश्वासाच्या कार्यशाळांवर कंपन्या जो खर्च करतात, त्याबद्दल माझे मत त्यामुळे फारसे चांगले नाही. दोष दुरुस्त करायचा तर तो एक्सेलच्या पानावर करावा: क्षमतेचा रकाना भरताना त्याखाली पुरावा लिहिण्याची सक्ती, रजेवरच्या व्यक्तीला रजेपूर्वीच्या कामावरच गुण, बिनबढतीच्या कामांची पाळी, आणि ‘तिला नको असेल’ असे कोणी म्हटले तर ‘विचारले का?’ हा प्रश्न.

काही जणींना खरोखरच मॅनेजर व्हायचे नसते, हेही तितकेच खरे आहे. त्यांना उत्तम कोड लिहायचा असतो आणि साडेसहाला घरी जायचे असते. पुष्कळ पुरुषांनाही तेच हवे असते, पण ते तसे म्हणू शकत नाहीत. अशा लोकांसाठी तांत्रिक पदांची स्वतंत्र वाट असायला हवी आणि ती अनेक कंपन्यांत कागदावर असतेही. मात्र तिथले वरचे पद गाठलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नकार हा आदराने स्वीकारण्याचा निर्णय आहे. तो त्या वर्षापुरता असतो, एवढेच विसरता कामा नये.

पंचेचाळिशीच्या आसपास अनेक जणींचे दिवस पुन्हा मोकळे होतात. मुले बारावी संपवून बाहेर पडतात, घराचे हप्ते बरेचसे फिटलेले असतात आणि वीस वर्षांचे तांत्रिक शहाणपण गाठीशी असते. माझ्या बरोबरीच्या कित्येक जणी या वयात पूर्वी कधी नव्हत्या इतक्या उत्साहाने नवे शिकत आहेत, रात्रीचे कॉल घ्यायला तयार आहेत, प्रवासाला तयार आहेत. त्यांच्या फाइलमध्ये मात्र मूल दोन वर्षांचे असताना कोणीतरी केलेली ‘सध्या वाढीव जबाबदारीची इच्छा नाही’ ही नोंद तशीच आहे, मधल्या काळात त्यांचे चार मॅनेजर बदलले आहेत, आणि प्रत्येक नव्या मॅनेजरने ती नोंद वाचून पुढचे पान उलटले आहे.